अम्माच्या दारातली मुद्रा

परीक्षेचे दिवस आले की लोकांना जागरणं आठवतात, न झालेला अभ्यास आठवतो, पेपरात चुकलेला प्रश्न तर पार म्हातारपणापर्यंत आठवतो. मला एक बरोबर आलेलं उत्तर आठवतं. ते आठवलं की त्या दिवशी जेवण काही गोड लागत नाही.

यंदाचा फाल्गुन लागला आहे. नागपूरचा फाल्गुन म्हणजे सकाळी अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर पदर. सावरीची लालभडक फुलं रस्त्यात पडून चिरडली जातात, कडुनिंब पानं टाकून मोकळे होतात, आणि उशिराच्या कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनाकडे जाताना वाटेवरच्या बाभळी आपापला वाटा काढून घेतात. मी आता मुलींच्या एका शाळेत शिकवते. शाळेच्या कुंपणाबाहेर, शिपाई कचरा टाकतो तिथेच, मुद्रेची झुडपं उभी आहेत. सकाळी शाळा भरते तेव्हा त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. शाळा सुटते तेव्हा ती पिवळीधमक फुललेली असतात, आणि मी मान खाली घालून फाटकाबाहेर पडते.

मुद्रा तुम्ही पाहिली आहे, नाव कदाचित ठाऊक नसेल. कमरेएवढं झुडूप, पानं पिंपळाच्या घडणीची पण मखमली, बोट फिरवलं की लव लागते. फूल पाच पाकळ्यांचं आणि पक्कं आळशी. दुपार कलल्याशिवाय डोळा उघडायचा नाही. त्याचं फळ मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही. चपटं, गोल, गाडीच्या चाकासारखं, कडेनं दाते असलेलं. आमच्याकडचे हिंदी बोलणारे त्याला कंघी म्हणतात. लहानपणी आम्ही पोरी हे हिरवं फळ कुंकवात बुडवून एकमेकींच्या गालांवर ठसे मारायचो आणि मग घरी जाऊन मार खायचो, कारण कुंकू देव्हाऱ्यातलं असायचं.

कॉलेजात गेल्यावर कळलं की ही मुद्रा जास्वंदीच्या कुळातली. भेंडी त्याच कुळातली, अंबाडी त्याच कुळातली आणि कापूसही. मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा मागावर बसले होते. पाचपावलीत आमच्या गल्लीत घरटी माग होता, सकाळी गल्लीभर ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून त्याला खळ लावायचे तेव्हा सायकलवाल्यालाही उतरून कडेनं जावं लागे. बाबांनी धोटा थांबवला नाही. म्हणाले, "म्हंजे आपन सारे एकाच भावकीचे खाऊन राहिलो. भाजी त्याची, लुगडं त्याचं. बरं झालं सांगतलं वं माय, आता सुतक आलं त पाळू." बाबांना मला चिडवायचा भारी सोस होता. आत मात्र त्यांना माझा अभिमान एवढा, की गिऱ्हाईक कोणत्याही कामानं आलं तरी पोरगी सायन्सला आहे हे कळल्याशिवाय परत जात नसे.

त्या अभिमानातूनच पुढचं सगळं घडलं.

फाळणी होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जरीपटक्याकडे निर्वासितांच्या बराकी होत्या, आमच्या घरापासून चालत जाण्याजोग्या. तिथला लछमनभाई पहिल्यांदा खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून आमच्या गल्लीत आला, तेव्हा मी मॅट्रिकला असेन. पुढे गांधीबागेच्या कापडबाजारात त्याला बसायपुरती जागा मिळाली, बाबांची लुगडी तो घेऊ लागला आणि हळूहळू घरचाच झाला. एकदा हिशेबाचं बोलून झाल्यावर तो उठेचना. मग बाबांना म्हणाला, "आपकी लडकी कॉलेज में फूल-पत्ती पढती है ना? हमारी अम्मा के दरवाजे पे एक पौधा निकला है. रोज पूछती है, ये वही है क्या. मैं क्या बोलूं? मुझे तो कपडे के सिवा कुछ पहचान में नहीं आता."

अशी मी अम्माच्या दारात गेले. दिवाळी उलटून गेली होती.

अम्मा बारीक चणीची होती, पांढरी ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. तिचं गाव सिंधमधलं, वाळवंटाला लागून. आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ही म्हातारी कोणाशी बोलत नाही, नळावर येते आणि तोंड फिरवून उभी राहते. मी पाहिलं ते एवढंच, की बराकीच्या त्या एका खोलीत कोपऱ्यात दोरीनं करकचून बांधलेलं एक मोठं गाठोडं होतं. त्यात तिच्या रल्ल्या होत्या, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या तिकडच्या गोधड्या. नागपूरच्या थंडीत घरची माणसं बाजारच्या ब्लँकेटात कुडकुडायची, पण अम्मा ते गाठोडं सोडू द्यायची नाही. "आज नहीं तो कल जाना है. फिर कौन बांधेगा?" असं म्हणायची. आलो तेव्हापासून हेच चाललंय, असं लछमनभाईची बायको कमला मला हळूच म्हणाली. तिला दिवस गेले होते. सरकारकडून जागा मिळत होती, अर्ज करायचा होता, पण अम्मा हो म्हणेना आणि आईच्या मनाविरुद्ध लछमनभाई पाऊल टाकेना.

मोरीचं पाणी जिथून वाहायचं तिथे ते झुडूप उभं होतं. उंच, टवटवीत, पानं तळहाताहून मोठी. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या होत्या. पावसाळ्याआधी एकदा अम्मानं गाठोडं न सोडता तसंच बाहेर आणून काठीनं झटकलं होतं, नेमकं त्याच जागी. पाऊस पडल्यावर तिथे हे उगवलं. तेव्हा तिची खात्री झाली की रल्लीच्या घडीत गावचं बी अडकून आलं असणार. तिच्या घराच्या भिंतीला लागून असंच झाड होतं, रेतीत वाढणारं, पाणी नसलं तरी न मरणारं. त्याला काय म्हणायचे ते मात्र तिला आठवेना. त्याच्या फळानं तिची आई गोड लोलीवर नक्षी उठवायची. लोली म्हणजे गुळाच्या पाण्यात मळलेली जाड पोळी. हे सांगताना तिनं हवेत अंगठा दाबून दाखवला, आणि मी चमकले. आम्ही गालांवर ठसे मारायचो ते याच फळाचे.

मी झाड पाहताक्षणी ओळखलं होतं, मुद्राच होती. पण मी त्या वर्षी परीक्षेला बसणार होते, आणि परीक्षेला बसणाऱ्या माणसाला साधी गोष्ट साधी वाटत नाही. पान नेहमीपेक्षा मोठं होतं, लव दाट वाटत होती. मनात आलं, हिची चुलत बहीण असली तर? वाळवंटातली जात, आपल्याकडच्या पुस्तकात नसलेली, आणि ती ओळखणारी कोष्ट्याची पोरगी! मी कॉलेजातल्या सरांना सांगितलं. सर कधी फारसे हसत नसत, त्या दिवशी चष्मा काढून म्हणाले, "तसं निघालं तर नाव होईल तुझं. पण खात्री करून घे. फूल बघ, पिकलेलं फळ बघ. आणि नमुना मुळासकट आण. मूळ नाही तर नमुना नाही."

मग तो सगळा हिवाळा मी दुपारी अम्माकडे जाऊ लागले, कारण फूल दुपारशिवाय उघडायचं नाही. ती आणि मी उंबऱ्यात बसून वाट बघायचो. ऊन भिंतीवरून खाली उतरायचं, रुळावरून मालगाडी खडखडत जायची, आणि पहिली कळी सैल व्हायची. अम्मा मला कोपरानं ढोसायची. तिनं मला तिकडच्या विहिरीबद्दल सांगितलं, उंटांबद्दल सांगितलं, रात्री वाळू कशी गार पडते ते सांगितलं. मी तिला आमची अंबाडीची भाजी करून नेली. तिनं ती तोंड वाकडं करत खाल्ली आणि भांडं विसळून त्यात लोली ठेवून परत दिलं. आता वाटतं, त्या दुपारी जेवढ्या निवांत गेल्या तेवढी एकही पुढे गेली नाही. मी अभ्यास म्हणून जात होते, आणि मला कोणीतरी वाट बघतंय याचं सुख होत होतं. हे सुखही मी फुकटात घेतलं.

"वही है ना?" ती रोज विचारायची. मी मोघम हसायचे. एक दिवस, पौष असेल, फूल भिंगाखाली धरताना मला लव जरा जास्तच दाट दिसली आणि हावरेपणानं मी बोलून गेले, "हो सकता है, अम्मा. तुम्हारा ही होगा."

त्यानंतर चार दिवसांनी बाबा बाजारातून आले ते हसतच. "तुह्या त्या म्हातारीनं गाठोडं सोडलं वं! लछमन दुकानात रडून राहिला होता. मले म्हने, अम्मा बोली, ये यहां जम गया तो हम भी जम जाएंगे. जागेचा अर्ज करते म्हने आता."

मी गेले तेव्हा बराकीत ओळीनं सगळ्या खाटांवर रल्ल्या पसरल्या होत्या. लाल, काळ्या, हळदीच्या पिवळ्या. एवढ्याशा खोलीत एवढा रंग मी कधी पाहिला नव्हता. विणकराची मुलगी असूनही मी टाके मोजायला बसले. कमला त्यातल्या एकीवर पाय पसरून बसली होती आणि येणाऱ्या पोरासाठी अम्मा जुन्या ओढणीचे तुकडे कापत होती.

हे चित्र मला कुठेही दिसतं. वर्गात फळ्यावर फुलाची आकृती काढताना दिसतं, माझ्याच घरी गोधडीची घडी करताना दिसतं. तिथे थांबले असते तर काय बिघडलं असतं, असं मी स्वतःला विचारते. बिघडलं काहीच नसतं. एक म्हातारी एका झाडाला पाणी घालत राहिली असती.

होळीच्या आधीच्या आठवड्यात फळं पिकून काळी पडली. मी भिंग, चिमटा आणि कॉलेजातून आणलेलं पुस्तक घेऊन बसले. अम्मा समोर बसली, कमला दारात. मी फळाच्या फाका सोडवल्या, प्रत्येकीचं टोक पाहिलं, देठ पाहिला, पाकळी पाहिली, पुस्तकाशी ताडून घेतलं. पुन्हा पाहिलं. कितीही पाहिलं तरी ती मुद्राच होती. मोरीच्या पाण्यावर माजलेली आपली साधी मुद्रा. पुस्तकात लिहिलं होतं, या प्रांतात सर्वत्र, पडीक जागी, कचऱ्याच्या कडेला. माझं नाव होणार नव्हतं.

"वही है ना?" अम्मानं विचारलं.

मला तिचा नाही, झाडाचा राग आला होता. पण झाडाला बोलून काय उपयोग. मी म्हणाले, "नहीं अम्मा. ये यहीं का है. हमारे नागपूर का. कचरे में उगता है. तुम्हारे साथ कुछ नहीं आया."

तिला ते पटलं नाही. ती मान हलवत राहिली, अंगठा दाबून दाखवत राहिली. आणि मग मी जे केलं ते माझ्या मते शास्त्र होतं. मी तिचा हात धरला, तिला उठवलं आणि बराकींच्या मागे, रुळाच्या कडेला घेऊन गेले. इतक्या वर्षांत ती नळाच्या पलीकडे गेली नव्हती. तिथे सगळ्या बराकींचा कचरा पडायचा, आणि त्या कचऱ्यात मुद्रा उभी होती. एक नाही, दोन नाही, रुळाच्या कडेकडेनं नजर जाईल तिथपर्यंत. शेळ्यांनी ओरबाडलेली, इंजिनाच्या धुरानं काळवंडलेली. दुपार कलली होती, सगळ्यांवर फुलं उघडत होती. "देखो," मी म्हणाले. मुद्दा सिद्ध झाला की आवाजात येतो तो ताठा माझ्या आवाजात आला होता. तो मला अजून ऐकू येतो.

अम्मानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या आधी परत चालू लागली. दारात आल्यावर तिनं बाभळीच्या काट्या उपसून बाजूला फेकल्या, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. जमीन मोरीच्या पाण्यानं भिजलेली होती, तरी एका ओढीत आलं नाही. कमला म्हणाली, "अम्मा, रहने दो." अम्मानं पाय रोवून पुन्हा ओढलं. मूळ लांबलचक होतं, न तुटता आलं. मातीसकट ते तिनं माझ्यासमोर धरलं.

"ले. जड के साथ चाहिए था ना तेरे को."

मी घेतलं. खरं सांगते, घेताना मला आनंद झाला होता. सबंध मूळ, फूल, कळी, कच्चं फळ, पिकं फळ, सगळं एकाच झाडावर. असा नमुना वर्गात कोणाकडे नव्हता. मी तो वर्तमानपत्रात घालून पाट्याखाली दाबला. संध्याकाळी माय ओरडली, "काहून वं, पाट्याखाली काय घालून ठेवलं? मी मसाला कशावर वाटू?" बाबा म्हणाले, "राहू दे वं, पोरगी पास होऊन राहिली." आणि त्या दिवशी आमच्याकडे बिनमसाल्याचं वरण झालं.

मायला मी झाडाचं सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं केलं, नळावर पाण्यासाठी भांडणं होतात आणि म्हातारी कचऱ्याच्या झाडाला पाणी घालून राहिली होती. सर म्हणाले, ओळख अचूक आहे, मोह टाळलास. परीक्षकांनी नमुना दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. तो कागद अजूनही कॉलेजातल्या कपाटात आहे म्हणतात, नव्या पोरांना दाखवतात, नमुना कसा असावा म्हणून. त्यावर माझ्या अक्षरात कूळ लिहिलं आहे, जात लिहिली आहे, ठिकाण लिहिलं आहे. मी चुकले असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही. कोणी म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गाठोडं त्याच रात्री पुन्हा बांधलं गेलं. तिचा धाकटा मुलगा तिकडे उल्हासनगरला होता, अम्मा पावसाळ्याआधी त्याच्याकडे निघून गेली. कमलाचं बाळंतपण सासूविना झालं, शेजारणींनी केलं. मुलगा झाला. जागेचा अर्ज लछमनभाईनं नंतर केला, घरही बांधलं, पण अम्मा राहायला आली नाही. मी एकदा त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "बहन, तूने तो सच बोला. अम्मा का मन ही नहीं लगा, तू क्या करेगी?" आणि मला चहा पाजला.

पुढे शिकताना एकदा ग्रंथालयात एक जाडजूड ग्रंथ हातात आला. आमचं कॉलेजातलं पुस्तक आमच्या प्रांतापुरतं होतं, हा सबंध जुन्या हिंदुस्थानचा होता. दुसरंच काही शोधत होते आणि पान उलटताना मुद्रा आली. कुठे कुठे सापडते त्याची ओळ होती. ती ओळ सिंधच्या कोरड्या मुलखापासून सुरू होत होती आणि थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत जात होती. मी ती वाचली, पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

म्हणजे तिच्या भिंतीशी होती तीही हीच. वाळूत उभी राहणारी, तिची आई जिच्या फळानं लोलीवर नक्षी उठवायची तीही हीच. अम्मा रोज मला एकच विचारत होती, हे तेच आहे का? त्याचं उत्तर हो होतं. मी तिला भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. हे कुठून आलं, हे तिनं मला विचारलंच नव्हतं. ते सरांना हवं होतं, मला हवं होतं. माझं पुस्तक प्रांताच्या हद्दीवर संपलं तिथे मी झाडही संपवून टाकलं. मला ठसा माहीत होता, तिनं अंगठा दाबून दाखवला होता, तरी मी पुस्तकालाच विचारत बसले.

हे कळल्यावर मी उल्हासनगरला जायला हवं होतं. गेले नाही. नोकरी होती, बाबांचे डोळे गेले होते, माग विकायचा होता. कारणं खरी होती. माझी कारणं नेहमी खरीच असतात.

आणि या फाल्गुनात कमला शाळेत आली, हातात पेढ्यांची पुडी घेऊन. मुलाचं जानवं होतं. आठ वर्षांचा झाला म्हणे. "अम्मा आई है," ती म्हणाली. "पर रुकेगी नहीं. कल की गाडी है."

शाळा सुटली तेव्हा मी पहिल्यांदाच मान वर करून कुंपणापाशी गेले. फुलं उघडली होती. एक हिरवं, भरलेलं फळ तोडलं आणि पदराच्या टोकाला बांधलं.

लछमनभाईचं घर पक्कं आहे, अंगणभर फरशी. कुठे गवताचं पातं उगवायला जागा नाही. ओट्यावर गाठोडं होतं, दोरीनं बांधलेलं, दोरी मात्र नवी. अम्मा अंगणात शेगडीपुढे बसून प्रवासासाठी लोल्या करत होती. खूपच वाळली होती. मला तिनं ओळखलं नाही. कमलानं सांगितलं तेव्हा म्हणाली, "अच्छा, बुनकर की बेटी," आणि पुढचा गोळा थापायला घेतला.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. पदराची गाठ सोडून फळ तिच्या पिठाळ हातावर ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, मग अंगठ्यानं कडेचे दाते चाचपले. थापलेल्या लोलीवर मधोमध ठेवून तिनं ते दाबलं, तसंच, जसं तेव्हा हवेत दाबून दाखवायची. उचललं तर गुळाच्या पिठात चाक उमटलं होतं, एकेक आरा स्पष्ट.

अम्मा हसली. तिचे दात गेले होते. "वही है," ती म्हणाली. कमलाला हाक मारून दाखवलं, नातवाला दाखवलं. "देख, वही है!"

"हां अम्मा, वही है," मी म्हणाले. "उधर भी यही होता है. इधर भी यही. पहले से."

तिनं लोली तव्यावर टाकली. ठसा वरच्या बाजूला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. "वो मेरे दरवाजे वाला? वो भी यही था?"

"यही था."

शेगडीतला निखारा तिनं चिमट्यानं सारखा केला. हसू अजून तोंडावर होतं, पण कपाळावर आठी पडली होती, पोरांना गणित सुटत नाही तेव्हा पडते तशी.

"तो फिर मैंने उसको उखाडा काहे को?"

ती मला दोष देत नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं. आणि दोष दिला असता तर मी पायांवर तरी डोकं ठेवलं असतं. नातू मध्येच काहीतरी मागायला आला, कमला त्याला ओढत घेऊन गेली, लछमनभाई टांगा सांगायला निघाला. अम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. उत्तर मला येत होतं. एकाच वाक्याचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना.

थोडी वाट पाहून तिनं लोली उलटली, भाजली, पुन्हा सुलटी केली आणि माझ्या हातावर ठेवली. "खा."

मी कडेकडेनं तोडून खात गेले. गरम होती, गूळ जिभेला चटके देत होता. कड संपली आणि मधला ठशाचा गोल तेवढा हातावर राहिला. तो मी कागदात बांधून घरी नेणार होते.

"वो भी खा," अम्मा म्हणाली.

मी खाल्ला.